हॉटेलची पायरी

आषाढ सरत आला की मी माळ्यावरचं मोठं पातेलं खाली घेते. वर्षभर न लागणारे दिवे त्यात जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवलेले असतात. आईनं दिलेली समई, सासूबाईंचा साखळीचा लामणदिवा, निरांजनं, आणि एक कंदील, ज्याची काच फुटून जमाना झाला तरी टाकवत नाही. मागच्या ओट्यावर बसून चिंचेच्या कोळानं ते घासायचे. बोटं आंबूस होतात, नखं काळी पडतात, कंबर धरते. पण पाण्याखाली पितळ उजळलं की केलेल्या कामाचं काहीतरी दिसतं. घरकामात हे सुख फार कमी वेळा मिळतं.

मग पाटावर रांगोळी, दिव्यांची आरास, हळदकुंकू, दूर्वा, आणि नैवेद्याला कणकेत गूळ घालून उकडलेले दिवे. गरम दिव्याच्या खोलगट भागात तूप सोडायचं आणि अख्खा दिवा खाऊन टाकायचा. लहानपणी दिंडोरीकडच्या आमच्या गावात मी सहा-सात सहज खायची. आई म्हणायची, "पोटात उजेड पडेल पोरी, बास आता."

या दिव्याच्या आवसेला दुसरंही एक नाव आहे. श्रावणात पाळायचं म्हणून आदल्या दिवशी उरकून घेणाऱ्यांची ती गटारी. माहेरी असताना हे नाव मी फक्त ऐकलं होतं, तेही चुलत्यांच्या तोंडून, दबक्या हसण्यासकट. लग्नानंतर दोन्ही नावं माझ्याच घरात राहायला आली. संध्याकाळी मी दिवे लावायची आणि त्याच वेळी, रस्त्याच्या पलीकडे, आमच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नसायची.

हॉटेल. हा शब्द मी इतका वापरलाय की त्याला झिजून भोक पडायला हवं होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा हे ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरीला होते आणि "शिवाय स्वतःचं हॉटेल काढतोय मुलगा" असं मध्यस्थ म्हणाले होते. मला वाटलं, मिसळ, भजी, चहा. फार तर पंजाबी. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात यांनी एका कागदावर माझी सही घेतली. नोकरीत असल्यामुळे परवाना यांच्या नावावर निघत नव्हता. सही करताना मी विचारलं, "हॉटेलला एवढा परवाना लागतो का हो?" यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, "परमिट रूम आहे. खालीच गार्डन आहे. फॅमिलीपण येतात."

फॅमिली कधी आल्या नाहीत, निदान माझ्या ऐकिवात तरी. पुढे यांनी नोकरी सोडली, हॉटेल चांगलं चाललं, कॉलनीत घर झालं, मुलगी शिकून पुण्याला नोकरीला लागली. परवाना मात्र माझ्याच नावावर राहिला. नियम असा की पाटीवर परवानाधारकाचं नाव हवं. तेव्हा हॉटेलच्या पाटीवर खाली, कोपऱ्यात, माझं नाव आहे: सौ. शैलजा निकम. यांनी पेंटरला ते जमेल तितकं बारीक काढायला सांगितलं होतं आणि वरून एक मधुमालतीची वेल सोडली होती. भाजी आणायला जाताना माझं तोंड आपोआप उजवीकडे वळायचं, कारण हॉटेल डावीकडे होतं. पलीकडच्या सायकलच्या दुकानाची मी इतकी पाहणी केली आहे की तिथल्या मालकाला मी गिऱ्हाईकच वाटत असेन.

कॉलनीत कुणी कधी तोंडावर काही बोललं नाही. नाशिकची माणसं तशी सभ्य. हळदीकुंकवाला मला बोलावणं यायचं, मीही बोलवायची. बायका यायच्या, कुंकू लावून घ्यायच्या, वाण घ्यायच्या. खायची ताटली पुढे केली की मात्र कुणाला उपास असायचा, कुणाचं पोट बिघडलेलं असायचं, कुणी "घरी नेते हो" म्हणून लाडू रुमालात बांधायची. एकदा तो रुमालातला लाडू मला कोपऱ्यावरच्या गाईपुढे दिसला. गाय मात्र मनापासून खात होती.

यात मला राग आला पाहिजे होता. आला नाही. मला वाटायचं, बरोबरच आहे त्यांचं. माझी लाज त्यांच्या आधीपासून माझ्यापाशी होती. त्या फक्त तिच्याशी ओळख दाखवत होत्या.

घरातही मी तशीच वागायची. हे हॉटेलातून आले की पुढच्या दारानं येत नसत. मागच्या बोळातून यायचं, ओट्यावर चपला काढायच्या, मागच्या न्हाणीत अंघोळ करायची, मगच घरात. हॉटेलच्या कपड्यांची बादली वेगळी, साबण वेगळा, वाळत घालायची दोरीसुद्धा वेगळी. त्या शर्टांना सिगारेटचा, तळलेल्या पापडाचा आणि दुसरा एक आंबट वास असायचा, ज्याचं नाव मी कधी घेतलं नाही. मी हे कधी सांगितलं नव्हतं यांना. पहिल्याच आठवड्यात मी पदर नाकाला लावला असेन, तेवढ्यावरून यांनी ओळखलं आणि रीत पाडून घेतली. फार समजूतदार माणूस. समजूतदार माणसाबरोबर राहणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी राहून बघावं.

आणि मग ती साथ आली. सगळं बंद झालं. बघता बघता साऱ्या कॉलनीला आमच्या घराची रीत लागली. जो तो बाहेरून आला की मागच्या दारानं. अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल नाही. कपडे वेगळ्या बादलीत. समोरच्या देवरेबाई, आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आवाज अजून तसाच शाळेचा. त्या गच्चीवरून आपल्या यजमानांना ओरडायच्या, "आधी न्हाणीत जा! कशाला हात लावू नका!" आणि देवरेसर भाजीची पिशवी लांब धरून अंगणात उभे राहायचे. मी खिडकीतून बघायची. हसू यायचं. हसू आलं म्हणून वाईट वाटायचं, कारण तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स ओरडत जायची आणि सगळी कॉलनी मान खाली घालायची.

हॉटेल बंद. हे घरी. इतक्या वर्षांत दिवेलागणीला हे घरात आहेत असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे कुठं बसावं ते यांना कळेना. मी देवापुढे दिवा लावला की उठून उभे राहायचे, जसं काही कुणी साहेब आलाय. मग हळूच म्हणायचे, "तू रोज एवढं म्हणतेस?" मी म्हणे, "रोज." "पाठ आहे सगळं?" "आहे." यांना मोठं नवल वाटायचं. मला यांचा दिवस माहीत नव्हता आणि यांना माझी संध्याकाळ माहीत नव्हती. अशा रीतीनं आमचा संसार सुखाचा चालला होता.

काशिनाथ, हॉटेलचा आचारी, पेठ तालुक्याकडचा. बंद झालं तसा तो आपल्या पाड्यावर निघून गेला. त्याचा अधूनमधून फोन यायचा. मी उचलला की म्हणायचा, "वहिनी, भाऊ बरे हायत ना? आम्ही इकडं भात लावतोय. पान्याचं काय खरं नाय यंदा. हाटेल उघडलं की सांगा, लगेच येतो." फोन ठेवताना प्रत्येक वेळी विचारायचा, "पन उघडल ना?" मी म्हणायची, "उघडेल की." आणि फोन ठेवल्यावर मनात असं यायचं की नाही उघडलं तरी चालेल. हे मनात आलं की मी उठून काहीतरी काम काढायची.

त्या वर्षीची दिव्याची आवस. बाहेर भुरभुर पाऊस. मी दिवे मांडून बसले होते, आणि फाटकाची कडी वाजली. देवरेबाई, त्यांच्या मागं आणखी चौघी, प्रत्येकीच्या तोंडाला मास्क, हातात ताट. आत कुणी कुणाकडे जायचं नाही असं ठरलेलं, म्हणून त्या फाटकाबाहेर अंतर ठेवून उभ्या.

"निकमवहिनी," देवरेबाई म्हणाल्या, "दिवे द्या बाई तुमच्याकडचे. आमच्या ह्यांना उकडीचे फार आवडतात, माझे नीट होत नाहीत. यंदा काही हरकत नाही."

यंदा. हा शब्द मी ऐकला. तो कानात शिरताना मला कळला, पण मी त्याला बसायला पाट दिला नाही. मी धावतच आत गेले, तूप गरम केलं, दिवे ताटलीत घातले, ताटली कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून मागे सरले. पाचही जणींनी मास्क हनुवटीवर ओढले आणि तिथंच, पावसात, उभ्या उभ्या दिवे खाल्ले. एकीच्या हातावर तूप ओघळलं, तिनं ते चाटलं. "कणीक किती मऊ झालीये हो!" "गूळ कुठला?" "एवढं सुरेख करता, कधी बोलला नाहीत!" मी नुसती हसत होते. माझ्या स्वतःच्या फाटकाशी मी इतकी हसत कधी उभी राहिले नव्हते.

त्या गेल्यावर मागे वळले तर हे खिडकीत उभे. केव्हापासून ते माहीत नाही. रात्री जेवताना एकदम म्हणाले, "आज बरं वाटलं तुला." मी म्हटलं, "काय त्यात?" तर म्हणाले, "नाही, दिसत होतं." आणि ताटातल्या दिव्यात तूप घालून घेतलं.

गावात माणसं जात होती. हॉटेलचे गॅस, भांडी, टेबलं धूळ खात होती, काशिनाथ पाड्यावर वाट बघत होता. आणि मी आनंदात होते, कारण पाच बायकांनी माझ्या हातचं खाल्लं होतं. या आनंदाची मला आजही लाज वाटते. त्याहून जास्त लाज याची वाटते की तो आनंद खोटा नव्हता.

पुढे बार उघडायचे की नाही यावर सगळीकडे वाद पेटला. टीव्हीवर, पेपरात वाचकांच्या पत्रांत, स्थानिक केबलच्या चर्चेत, आणि सगळ्यात जोरात आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. देवळं बंद आणि दारूचे अड्डे उघडणार? देवाला कुलूप आणि बेवड्यांना मोकळं रान? गोदाकाठचं गाव आहे हे, लाज वाटायला पाहिजे. कुणी लिहिलं, दुकानातून बाटली मिळतेच आहे, मग बार बंद ठेवून काय साधतं? कुणी लिहिलं, प्यायल्यावर कोण अंतर पाळतो? कॉलनीतला एक हुशार मुलगा म्हणाला, सरकारचा महसूल बघा. त्याला त्याच्याच आईनं ग्रुपवर गप्प बसवलं. एकानं तर अशी बाजू मांडली की वाइनची गोष्ट वेगळी, ते शेतीउत्पादन आहे, आपल्या नाशिकचा मान आहे, वाइनला यात ओढू नका. त्याला बरेच अंगठे मिळाले. माझ्या वडिलांची द्राक्षं शेवटची काही वर्षं वायनरीलाच जायची. गावात तेव्हा पेढे वाटले होते. मुंबईची पाहुणेमंडळी द्राक्षं तुडवायला येत, पाय धुऊन, फोटो काढत. तिथं कुणी पदर नाकाला लावल्याचं मला आठवत नाही. माझी आईही लावत नव्हती आणि मीही नाही.

आमच्याकडे धुणंभांडी करायला येणारी मंगल फरशी पुसता पुसता म्हणाली, "काय बाई ते भांडत्यात! घरात बसून पितो माझा, आन माझ्याच अंगावर येतो. त्यापरीस हाटेलात बसूद्या, तितं निदान पोरं तरी बघत नाय." हे ग्रुपवर कुणी लिहिलं नाही. मंगल त्या ग्रुपवर नव्हती.

शेवटी देवरेबाईंनी कॉलनीच्या मैदानात सभा घ्यायचं ठरवलं. कॉलनीच्या तोंडाशी परमिट रूम नको, सरकार बाकीच्यांचं काय करायचं ते करो, आपल्या इथलं बंदच राहावं असा ठराव करून वर पाठवायचा. मला त्या मुद्दाम सांगायला आल्या, फाटकातूनच. "वहिनी, तुम्ही आमच्यातल्या आहात. तुम्ही चार शब्द बोललात तर निकमभाऊपण ऐकतील. घरची बाई बोलली की फरक पडतो." आता कुठं त्या फाटकाशी यायला लागल्या होत्या.

आदल्या दिवशी मी यांना म्हटलं, "काय करायचं?" हे झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, "परवाना तुझ्या नावावर आहे. तू म्हणशील तसं. बंद म्हणालीस तर बंद करू." यात टोमणा नव्हता. मी तोंड निरखून बघितलं, खरंच नव्हता. मी म्हटलं, "आणि काशिनाथ? आणि ते दोघं वेटर?" हे म्हणाले, "तेच तर." मग झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या कुरकुरत राहिल्या.

सभेला खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या, त्यामुळे जो तो ओरडून बोलत होता. तोंडावर मास्क, तेव्हा कोण ओरडतंय ते डोळ्यांवरून ओळखायचं. देवरेबाईंनी विषय मांडला. नीट मांडला, खोटं काही बोलल्या नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना त्रास होतो म्हणाल्या, ते खरं होतं. साथीत गर्दी नको म्हणाल्या, तेही खरं होतं. दोघंतिघं बोलले. आवाज चढत गेले. मागून एक जण म्हणाला, "त्या पैशावर बंगले बांधायचे आणि वर इथं येऊन बसायचं!" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या आणि तेवढ्याच वेगानं परत फिरल्या. काशिनाथ मैदानाच्या फाटकापाशी उभा होता, खांद्याला पिशवी. उघडणार असं पाड्यावर कुणाकडून तरी कळलं म्हणून मिळेल त्या गाडीनं त्याच दिवशी आला होता. त्याला या सभेतलं काही माहीत नव्हतं.

देवरेबाई म्हणाल्या, "निकमवहिनी, तुम्ही बोला."

मी उठले. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येणार नाही. खरंच माहीत नाही. तोंड उघडलं, आणि पलीकडच्या खुर्चीवरून हे उभे राहिले.

"तिला काही विचारू नका," हे म्हणाले. यांचा आवाज मोठा नाही, पण सगळे गप्प झाले. "धंदा माझा आहे. जे काय बोलायचं ते मला बोला. नियम सांगेल तेव्हा मी उघडणार, कारण माझ्यावर माणसं अवलंबून आहेत. तुम्हाला ठराव करायचाय तर करा, माझी तक्रार नाही. पण हिला यात ओढू नका. हिचा काही संबंध नाही. इतक्या वर्षांत हिनं हॉटेलची पायरी चढलेली नाही. एकदासुद्धा नाही. विचारा कुणालाही."

हे मान ताठ करून बोलले. जशी काही माझ्या गळ्यात माळ घालत होते. आणि माझ्याभोवती बायकांची कुजबुज झाली. "खरंच हो." "कधी बघितलं नाही बाई तिकडं." "बिचाऱ्या." शेजारच्या एकीनं अंतरबिंतर विसरून माझा हात दाबला. मी बसले. माझ्या नवऱ्यानं चारचौघांत सगळा चिखल स्वतःच्या अंगावर घेऊन मला कोरडं काढलं होतं, आणि ज्या अन्नावर मी वाढवली माझी मुलगी, त्याच्याकडे पाठ फिरवण्याबद्दल माझं कौतुक चाललं होतं. यात खोटं एकच होतं. संबंध नाही म्हणाले ते. पाटीवर नाव होतं माझं. पण वेल चांगली वाढली होती.

घरी जाताना काशिनाथ मागून आला. म्हणाला, "भाऊंनी बेस केलं वहिनी. तुमाला मदून काडलं." तो अगदी मनापासून म्हणाला. मला तोंड वर करवलं नाही.

पुढं काय, हॉटेल उघडलं. ठराव वर गेला असेल तर तिथंच कुठं तरी आहे. साथ ओसरली, मग परत आली, फार वाईट आली, मग गेली. कॉलनीतली दोन घरं रिकामी झाली. वादाचं कुणाला नावही आठवत नाही. आता त्याच ग्रुपवर वाढदिवसाचे केक येतात.

पण माझं फाटक उघडं राहिलं. मला वाटलं होतं, हॉटेल उघडलं की बायका परत उपास धरतील. नाही. दर वर्षी या आवसेला येतात. आता आतच येतात, पंख्याखाली बसतात, दिवे खातात, तूप मागून घेतात. देवरेबाई म्हणतात, "तुमचं वेगळं आहे हो." सभेतल्या यांच्या त्या एका वाक्यावर माझं घर कॉलनीत आलं. आणि यांनी ते ओळखून आपलं येणं-जाणं आणखी मागच्या बोळात नेलं. बायका बसलेल्या असल्या तर हे न्हाणीतून बाहेरच पडत नाहीत. पाण्याचा आवाज येत राहतो. मी इकडे तूप वाढत असते.

आज आवस. दुपारी देवरेबाई नव्या सुनेला घेऊन आल्या. पोरगी गोड आहे, मालेगावची. तिनं ताटली घेताना सासूकडे बघितलं, कुणीतरी काही सांगून ठेवलं असणार. देवरेबाई हसून म्हणाल्या, "घे गं. या काकूंकडचं चालतं. यांनी कधी तिकडची पायरी चढली नाही." मी हातातलं तुपाचं भांडं धरून उभी. पोरीनं दिवा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, "काकू, लय भारी झालेत."

न्हाणीत पाणी पडत होतं. हे दुपारचं आवरून संध्याकाळच्या गर्दीसाठी परत निघायचे होते. बायका गेल्या, मग हे बाहेर आले, घाईनं डोकं पुसत. मी म्हटलं, "दिवे खाऊन जा." म्हणाले, "आज कुठलं? आज पहिल्या टेबलापासून भरलंय. ठेव, आल्यावर खाईन." गटारीला रात्री दमून आल्यावर यांना जेवायचीही शुद्ध नसते, हे मला इतक्या वर्षांत कळायला हरकत नव्हती. गार झालेला दिवा दगडासारखा होतो. दरवर्षी सकाळी मी तो गाईला घालते.

देवापुढे दिवा लावला. पाटावरचे सगळे दिवे लावले. मग परत कणीक मळली, दुसरा घाणा उकडला. मोठा स्टीलचा डबा भरला, तुपाची वाटी फडक्यानं बांधली, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. रस्ता ओलांडताना सवयीनं तोंड सायकलच्या दुकानाकडे वळलं. मी ते परत डावीकडे आणलं.

पाटीवरच्या वेलीला फुलं आली आहेत, गुलाबी-पांढरी. खाली नाव दिसत नाही. शहाबादी फरशीची एकच पायरी आहे, कड घासून गुळगुळीत झालेली. दार उघडं होतं. आत लाल दिवे, आवाज, कांद्याचा वास, आणि तो दुसरा वास. मी ज्याला नाव दिलं नव्हतं तो. दारूचा वास. एका टेबलावर कुणीतरी मला पाहिलं आणि ग्लास मेनूकार्डाच्या आड घेतला. तो कॉलनीतल्या कुणाचा नवरा होता ते मी सांगणार नाही. हॉटेलवाल्यांनी असं सांगायचं नसतं, असं हे म्हणतात.

आणि मग मला हे दिसले. माझ्या मनात यांचं चित्र असं होतं की हे गल्ल्यावर बसतात, मागे देवाची तसबीर, उदबत्ती. हे तर खांद्यावर फडकं टाकून, वाकून, कुणीतरी सांडलेलं टेबल पुसत होते. हातावर उष्ट्या ताटल्यांची चळत होती. टेबलावरचा माणूस, आमच्या मुलीच्या वयाचा, यांना "ए, बर्फ आण" म्हणाला. हे "आणतो साहेब" म्हणाले.

काशिनाथनं भटारखान्याच्या खिडकीतून मला पाहिलं. "भाऊ! वहिनी आल्यात!"

हे वळले. ताटल्या तशाच कुठंतरी ठेवून दाराशी आले, पण पायरीच्या आतच थांबले. "काय झालं? घरी कुणाला काही...?"

"काही नाही. दिवे आणलेत. गरम आहेत. काशिनाथला आणि पोरांना पण."

यांनी आधी डबा बघितला, मग खांद्यावरचं फडकं पटकन काढून मागं लपवलं. मला ते लपवलेलं दिसलं हे यांनाही दिसलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "दे इकडे. तू वर नको येऊस. सगळे बघताहेत. चारचौघांत बोललोय मी."

"तुम्ही बोललात," मी म्हटलं. "मी नाही काही बोलले."

हे थोडे बाजूला सरकले. मी डबा एका हातात घेतला, दाराच्या चौकटीला धरलं, खाली वाकून चपला काढल्या आणि नीट जोडीनं पायरीखाली ठेवल्या, कुणाच्याही घरी जाताना ठेवतात तशा. शहाबादी फरशी पायाला गार लागली.

यांनी माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं. आतल्या सगळ्यांच्याच पायांत चपला-बूट होते. यांचे डोळे भरून आले होते.

"अगं," हे म्हणाले, "इथं चपला काढत नाहीत."

मला ते माहीत नव्हतं.